लाभ, दोन, तीन

नव्वदच्या दशकात आमची बालवाडी मळ्याजवळच्या मारुतीच्या सभामंडपात भरायची. मारुतीची काही तक्रार नव्हती. तक्रारी असायच्या त्या शहरातल्या संस्थेच्या मॅडमच्या, कारण खाऊ संस्थेचा, पाट्या संस्थेच्या आणि माझं मानधनही संस्थेचंच. पालकांकडून आम्ही काही घेत नसू. आया पहाटे नाशिकच्या बाजारात मेथी-कोथिंबीर पोचवून यायच्या, पोरं माझ्या हवाली करायच्या आणि खुरपायला जायच्या.

एक दिवस निरोप आला, पुढच्या महिन्यात मॅडम तपासणीला येणार. पोरांना दहापर्यंत मोजता आलं नाही तर बालवाडी बंद. झालं! पण माझ्याहून जास्त घाबरली ती तिसरीतली एक मुलगी. तिचा चार वर्षांचा भाऊ माझ्याकडे यायचा. तिच्या आईनं मला तोंडावरच सांगितलं होतं, "बाई, तुमचं बंद झालं तर पोरीची शाळा सुटली बघा. मळ्यात उघडी हीर हाय. धाकल्यावर नजर ठेवाया कोणी नको का?" त्या माउलीला तरी काय बोल लावणार? तिला दोनच हात होते.

मग मी मोजणीचा नुसता घोशा लावला. चिंचोके, खडे, झेंडूची फुलं, दिसेल ते मोजायचं. पोरं झोपेतही मोजत असतील. आता कोण माझी बालवाडी बंद करतंय ते बघतेच, अशा तोऱ्यात मी होते.

तपासणीच्या दिवशी ती मुलगी शाळेत गेलीच नाही. पाठीला दप्तर लावून मंडपाच्या खांबाला टेकून उभी राहिली. मी डोळे वटारले, पण बया ढिम्म हलेना.

मॅडमनी नेमकं तिच्याच भावाला उठवलं आणि त्याच्यापुढे दहा फुलं मांडली. बेट्यानं बाहीला नाक पुसलं आणि खणखणीत सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन, चार..." थेट दहापर्यंत.

"अरे, एक कुठे गेला?" मॅडमनी विचारलं.

त्यानं पुन्हा पहिल्या फुलावर बोट ठेवलं. "लाभ!"

दुसरीला उठवलं, तिचंही लाभ. तिसऱ्याचंही तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चूक पोरांची नव्हती, माझी होती. मी चांदवडकडची, शेतकऱ्याची लेक. आमच्यात धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, घरात बरकत राहावी म्हणून. इथल्या आयाही जुड्या तशाच मोजायच्या. महिनाभर मी लाभ-लाभ करत होते आणि माझ्या कानाला ते खटकलंसुद्धा नव्हतं! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

मॅडमनी वहीत काहीतरी खरडलं. "निदान मुलं किती आहेत ते तरी बघू," म्हणत त्या डोकी मोजायला लागल्या. "एक..."

"लाभ!" सगळी पोरं एकदम ओरडली.

"एक, दोन..."

"लाऽऽभ!"

तो चार वर्षांचा शहाणा उठला, मॅडमचं बोट धरलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. "लाभ म्हणा ना. नायतर बरकत येत नाय."

मॅडमनी ओठ घट्ट दाबले. पण हसू फुटलंच. "बरं बाबा. लाभ, दोन, तीन..." आणि त्यांच्या मागोमाग अख्खा मंडप मोजत सुटला. दहावर कोणी थांबलंच नाही. बाविसाव्या डोक्याला पोरं संपली म्हणून मोजणी संपली.

मॅडमनी वहीतली ओळ खोडली. "बालवाडी चालू राहील," त्या म्हणाल्या. "पण तेवढं एक शिकवा हो, बाई."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. मी हो म्हणेपर्यंत कोणीतरी माझा पदर ओढला. ती मुलगी.

"बाई, मग मी जाऊ?"

"कुठं गं?"

"शाळेत. हजेरी झाली असंल, पण गणिताचा तास अजून व्हायचाय."