करवंटीतला चहा

खोतीण पडवीच्या कडेला उभी. खाली अंगणात माझी आई, गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही हातांत नारळाची करवंटी. खोतीण हात वर करून चहा ओतायची. शिंतोडे आईच्या मनगटावर उडायचे. आई हात हलवायची नाही. हलला तर चहा सांडणार.

आम्ही महार. दर पावसाळ्यात खोताकडे भात लावायला जायचो. प्रत्येक बाईची करवंटी ठरलेली. चहा झाला की आपली आपण धुवायची आणि गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवायची. आईच्या करवंटीला चीर होती. तिने फणसाचा चीक लावून ती बुजवली होती, तरी गळायची.

मी तेव्हा चौथीत. एक दिवस पडवीच्या कडेला रिकामा कप दिसला, कानवाला. आईचा हात भाजतो म्हणून मी तो उचलला आणि तिच्यापुढे धरला. एवढंच केलं.

"कप बाटवलास, भवाने!" खोतीण ओरडली. मग आईकडे वळली. "आता तूच फोड."

आईने दगड घेतला आणि कप फोडला. तुकडे वेचून खताच्या खड्ड्यात पुरले. परत येऊन हात जोडले. घरी गेल्यावर मारेल असं वाटलं होतं. मारलं नाही. मला भाकरी वाढली आणि स्वतः न जेवता झोपली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी माझी शाळा सुटली. मीही लावणीला उतरले. माझ्यासाठी नवी करवंटी निघाली. मी ती घेतली. लग्न होऊन विक्रोळीला येईपर्यंत घेत राहिले.

आता मुलाकडे मुलुंडला राहते, नवव्या मजल्यावर. सून आमच्यातलीच, पण बिल्डिंगमध्ये तिने ते कुणाला कळू दिलेलं नाही. मलाही बजावलेलं. "आई, गावी शेती होती एवढंच सांगा. चिनूच्या मैत्रिणी घरी येतात." चिनू माझी नात. मी तेवढंच सांगत आले.

गेल्या आषाढात महिला मंडळाची सहल निघाली. कृषी पर्यटन. जागा नेमकी आमच्या तालुक्यात. सून स्वतः जाणार होती, मला न्यायला कां कूं करत होती, पण शेजारच्या बाईंनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. "काकूंचं गावच तिकडे. काकू हव्यातच."

शेताचा मालक तरुण, बोलायला गोड. बायकांना चिखलात उतरवलं. एकेक रोप लावायचं, फोटो काढायचा. किंचाळत होत्या, हसत होत्या. मी बांधावर बसले. मला आईची वाकलेली पाठ दिसत होती, दुसरं काही नाही.

मग चहा आला. पितळी परातीत करवंट्या. घासून, पॉलिश करून चकचकीत.

"पूर्वी आमच्याकडे गडीमाणसं यातूनच चहा प्यायची," मालक म्हणाला. "एकदम नैसर्गिक."

"अय्या, कसलं क्यूट!" शेजारच्या बाईंनी मोबाइल काढला. "काकू, धरा ना हातात. व्हिडिओ काढते. तुमच्या लहानपणी असंच होतं ना? सांगा ना!"

सुनेने कोपर मारलं. "आई, घ्या. सगळे बघतायत."

मी हात मागे घेतला. मालकाला म्हटलं, "मला कप दे."

"आजी, आज कप नाही. आज सगळ्यांना हेच!"

"तेव्हा पण कप होते. आम्हाला नव्हते. आम्ही महार. कपाला माझा हात लागला म्हणून माझ्या आईला तो दगडाने फोडायला लावला. नैसर्गिक कसलं रे?"

त्याचा चेहरा पडला. "आमच्या घरात तसं काही नव्हतं हां, आजी."

"तुझ्या घरचं मला माहीत नाही. गड्यांना करवंटी आणि घरात कप, असं का होतं, ते घरच्यांना विचार."

व्हिडिओ बंद झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "कशाला जुनं उकरायचं? एवढी मस्त पिकनिक चालली होती." मालक आत जाऊन माझ्यासाठी कागदी कप घेऊन आला. पिऊन टाकून द्यायचा. धुवायला नको, फोडायलाही नको. मी चहा घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाई माझ्या बाजूच्या सीटवरून उठून पुढे गेल्या. सून खिडकीकडे तोंड करून रडत होती. तिचा मला राग आला नाही. ती वाईट नाही, घाबरलेली आहे. घाबरलेली बाई मी लहानपणापासून ओळखते.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने विषय काढला. "आई, खाली मंडळात जाऊन सांगा, बसने चक्कर येत होती, काहीतरी बोलून गेले. आज चिनूकडे कुणी खेळायला आलं नाही."

मुलगा ताटात बघत होता. "जाऊन ये ना गं आई. काय जातंय तुझं?"

चिनू आमच्या तोंडांकडे बघत होती. तिला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं.

"मी जाणार नाही," मी म्हटलं. "आणि गेलेच, तर राहिलेलं पण सांगेन. त्याआधी चिनूला सांगणार आहे. आजच. हे तिला बाहेरच्यांकडून कळायला नको."

सून ताटावरून उठली. पोरीला हे झेपेल का, मला माहीत नाही. तिच्या मैत्रिणी परत येतील का, तेही माहीत नाही. ह्या घरात कुणाला खोटं बोलायचं असेल तर त्याने स्वतःच्या तोंडाने बोलावं. माझ्या तोंडून ते आता निघणार नाही.