सासू नावाचं बेट

"टेकला!" असं नाना ओरडले की नवीन पोरगी खुर्चीतून दचकून उठायची. आम्ही जुने मात्र मानही वर करत नसू.

पिंपरीतल्या आमच्या ऑफिसात परदेशांचे नकाशे बनतात. त्या वर्षी जगाच्या कुठल्यातरी गारठलेल्या टोकाची एक सामुद्रधुनी आली होती, तिच्या चिमुकल्या बेटांसकट. विमानातून काढलेले दोन फोटो जुळवून खास चष्म्यातून पाहिले की पडद्यावर डोंगर खरेखुरे उभे राहतात. मग एक ठिपका हवेतून खाली आणत नेमका जमिनीला टेकवायचा, म्हणजे तिथली उंची मिळते. असे हजारो ठिपके. संध्याकाळी डोळ्यांत मिरची गेल्यासारखं व्हायचं, आणि साहेबांचं तुणतुणं एकच, डिलिव्हरी!

नाना बीडकडचे, राहायला रहाटणीत. समुद्र कधी पाहिलेला नाही, पण प्रत्येक बेटाला नाव दिलेलं. एक थोरली, एक लंगडी. चहूबाजूंनी कडेच कडे असलेलं एक होतं, ती सासू. "कुठून बी जा, जवळ येऊ देत न्हाई, माय!"

हातातल्या बेटाचा शेवटचा ठिपका टेकवून 'टेकला!' ओरडल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा त्यांचा हट्ट. मी वैतागायचे. "अहो नाना, भाकरी वाळली."

"वर हवेत माणूस अडकलाय, अन् जेवू कसा?"

"कोण माणूस?"

"मीच की!"

पुढे पुढे 'टेकला' ऐकू येईना. नानांचं काम दुरुस्तीला परत येऊ लागलं. ठिपके कुठे हवेत लोंबकळलेले, कुठे जमिनीत रुतलेले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नव्हती, आणि एका डोळ्याला त्या चष्म्यातून उंची कळत नाही. "समदं सपाट झालं, माय," एवढंच ते बोलले. तेव्हा राहिली होती फक्त सासू. अर्धवट. जळलं मेलं ते बेट!

नोकरीच्या शेवटच्या दिवशी नानांनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली, मांडीवर डबा ठेवला. "तू उतर. मी हाय." जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठून गेले. आम्ही दोघं सासूचे कडे उतरत होतो. माझं डोकं ठणकत होतं. नाना डोळे मिटून बसले होते.

शेवटचा ठिपका खाली आला आणि मला रडूच फुटलं.

"टेकला का गं?"

"टेकला, नाना."

"आसं न्हाई. मोठ्यानं."

मी ओरडले. नवीन पोरगी दारातून धावत आली. नानांनी हळूच डब्याचं झाकण काढलं.

"चला," ते म्हणाले, "उतरलो बाबा खाली."