मा साहेबांना माणुसकीचे गुण

आमच्या बुसानच्या कारखान्यात माशांच्या वड्या तयार होतात आणि मा गी-चोलसारखे विभागप्रमुखही तयार होतात. वड्यांना निदान चव तरी असते.

मा साहेब आजवर कशातच हरलेले नाहीत. खोलीत पडद्यावर चेंडू मारायच्या गोल्फमध्ये त्यांनी काठी फिरवायच्या आधीच आम्ही "नाइस शॉट!" म्हणून ओरडतो आणि आमचे चेंडू मुद्दाम तळ्यात घालतो. साहेबाला हरवणाऱ्याची बदली थेट शीतगोदामात होते. त्यामुळे आपण फार हुशार आहोत, अशी या गृहस्थाची प्रामाणिक समजूत आहे.

यंदा सोलच्या मुख्य कचेरीने ठरवलं, की साहेबलोकांना माणुसकी शिकवायची. व्याख्यानात ते घोरतात, म्हणून व्हिडिओ गेम काढला. पडद्यावर कार्टूनमधला कर्मचारी येऊन आपलं दुखणं सांगतो आणि साहेबाने तीन उत्तरांतलं एक निवडायचं. माणसासारखं निवडलं की गुण. ज्याचे गुण जास्त, तो 'सहृदय प्रमुख'. साहेब स्वतः खेळतील असं खेळ बनवणाऱ्याला वाटलं असावं. त्याने जन्मात कधी नोकरी केली नसणार.

खेळायची आमची दानबी, विभागातली सगळ्यात धाकटी. साहेब खुर्चीत, ती मागे उभी. "दुसरं, साहेब," असं तिने कुजबुजायचं, त्यांनी बटण दाबायचं आणि आम्ही निर्लज्जासारख्या टाळ्या पिटायच्या. अशा रीतीने साहेब अंतिम फेरीत पोहोचले.

त्या दुपारी सोलवाले आपापल्या पडद्यांवर आमचा खेळ बघत होते. तेवढ्यात गावाहून, मोकपोहून, दानबीच्या आईचा फोन आला. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला होता, संध्याकाळी ऑपरेशन होतं. मोकपोची बस सुटायला थोडाच वेळ होता.

"साहेब, बाबांचं ऑपरेशन आहे. निघू का?"

"आत्ता? अगं, सगळे बघतायत! फेरी संपू दे, मग जा."

खेळात एक कार्टून मुलगी डोळे पुसत आली. तिची आई आजारी होती, तिला रजा हवी होती.

"कुठलं गं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"तिसरं," दानबी म्हणाली. "'तू नीघ, इथलं आम्ही बघतो.'"

साहेबांनी दाबलं. पूर्ण गुण! पडद्यावर फुलं उधळली. या माणसाने मान डोलावली आणि म्हणाला, "वा! हं, पुढचं?"

"पुढचं तुम्हीच दाबा, साहेब." दानबीने पिशवी उचलली आणि साहेबांना रोजच्यासारखा वाकून नमस्कार न करता निघून गेली.

पुढचा कार्टूनवाला आला. त्याची बायको बाळंत व्हायची होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ए, कुठलं?"

"मला नाही कळत त्यातलं, साहेब."

मग त्यांनी स्वतःच्या मनाने दाबलं. "मूल तुझी बायको जन्माला घालणार, तुझं काय काम?" गुण शून्य. पडद्यावर टाइप करायची एक रिकामी चौकट उघडली, वर लिहिलं होतं: 'कर्मचाऱ्याची माफी मागा आणि पुढे जा.'

साहेब चौकटीकडे बघत बसले. शेवटी माझ्या कानाशी आले.

"दानबीला फोन लाव. म्हणावं, बसमध्ये रिकामीच बसली असशील, दोन ओळी सांग."

मला त्या माणसाची किळस आली. मी नंबर लावलाच नाही. "लागत नाही, साहेब," एवढंच म्हणालो. सोलवाले बघत राहिले आणि एवढ्या मोठ्या साहेबाला 'चुकलं' एवढं टाइप करता येईना.