फरदडीचा कापूस आणि देशासाठी केलेले गोल

बापाचा उजवा हात मळणी यंत्रात गेला तेव्हा मी सातवीत होते. मनगटापासून गेला. आम्हाला जमीन नव्हती. त्यानंतर घर मायच्या अंगावर आलं. हंगामात ती लोकांच्या शेतात कापूस वेचायची आणि उरलेले महिने आखाडा बाळापूरच्या बाजारात एका चाचांच्या टेलरिंगच्या दुकानात काज-बटण करायची. शाळा सुटली की मीही तिथेच जायची. सुईत दोरा ओवणं आणि अभ्यास, दोन्ही त्या दुकानाच्या पायरीवर झालं.

फुटबॉल मला चाचांनी दाखवला. ते बरीच वर्षं आखातात कपडे शिवायला होते आणि येताना हे वेड घेऊन आले. आमच्याकडे सगळे क्रिकेटवाले. दुकानातल्या लहानशा टीव्हीवर फुटबॉल लागला की गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, हे काय लावलं, रन तर एक बी न्हाई." चाचा माप घेता घेता म्हणायचे, "तू पायजम्याचं बोल."

त्यांचा एक जुना खेळाडू होता, काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या जमान्यातला. त्याच्यापुढे आजचे सगळे पाणी भरतात, असं त्यांचं म्हणणं. माझा खेळाडू आजचा होता. देशासाठी केलेले त्याचे गोल जास्त होते, मग वाद कशाचा? देशासाठी, हे महत्त्वाचं. कबड्डीच्या सामन्यांना आमच्या भागातली पोरं दुसऱ्या गावाकडून पैसे घेऊन उतरतात, ते वेगळं आणि आपल्या गावाकडून उतरणं वेगळं. क्लब म्हणजे पैसे देऊन खेळाडू घेणारे संघ, म्हणून क्लबचे गोल आम्ही धरत नव्हतो.

हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी संख्याशास्त्र घेतलं होतं. प्रोजेक्टसाठी सरांनी विषय विचारला. पोरांनी पाऊस, सोयाबीन, लोकसंख्या घेतली. मी म्हणाले, वेगवेगळ्या काळातल्या फुटबॉलपटूंच्या आंतरराष्ट्रीय गोलांची तुलना. सरांनी चष्मा काढून पाहिलं आणि विषय लिहून घेतला. आमच्या घरात आम्हा भावंडांच्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. लहान भाऊ बारावी होऊन थांबलेला, माझं झालं की त्याचं कॉलेज सुरू होणार होतं. म्हणजे माझं वर्ष गेलं तर त्याचंही गेलं. घरात हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

मी मोबाईलवरून आकडे उतरवले. नुसते गोल मोजले तर माझा खेळाडू वर. पण जुन्या काळी देशादेशांचे सामनेच कमी व्हायचे, म्हणून गोलांना सामन्यांनी भागलं. तसे चाचांच्या काळातले सगळे वर आले आणि माझा खाली गेला. उतरवताना एक गोष्ट कळली, जी आम्हा दोघांनाही माहीत नव्हती. पुरुष-बाया सगळे धरले तर देशासाठी सगळ्यांत जास्त गोल एका बाईचे आहेत. चाचांना सांगितलं तर त्यांनी कात्री खाली ठेवली.

"बाई?"

"व्हय. बाईच."

"आन् आपन दोघं इतके दिवस काहून भांडून राहिलो मंग?"

चाचांचा खेळाडू वर आल्यावर त्यांनी मला चहा पाजला. मी प्रोजेक्ट बांधायला टाकण्याच्या बेतात होते. गुरुवारी द्यायचा होता.

त्याच्या आधीच्या रविवारी मी मायबरोबर शिरड शहापूरकडे वेचायला गेले. फरदड होती. फरदड म्हणजे मोठा माल निघून गेल्यावर झाडावर मागाहून येणारा कापूस. बोंडं बारकी, अर्धवट उमललेली. दिवसभर वाकलं तरी कमरेला बांधलेली ओटी भरत नाही. दुपारी भाकरी खाताना मायनं विचारलं, एवढं काय लिहून राहिलीस. मी सांगितलं. एक माणूस जुन्या काळचा, एक आजचा, जुन्याचे दर सामन्याला गोल जास्त, म्हणून तो मोठा.

मायनं भाकरीचा तुकडा मोडला. "दोघं एकाच येचणीला होते का?"

"म्हंजे?"

"पहिल्या येचणीला मी मणभर काढते. आज काटा करशील तर चौथाई बी भरायचं न्हाई. मंग मी काय दिवाळीपासून आळशी झाले?"

शेजारी बसलेली मावशी म्हणाली, "थोडी झालीच हाय तू." सगळ्या बाया हसल्या.

माय म्हणाली, "किलोवर नको जाऊस. बाजूच्या पातीवरची बाई त्याच दिशी, त्याच वावरात किती काढते ते पहाय. तिच्यापरीस माझं जास्त, तर मी चांगली."

तिनं पाणी प्यायलं आणि कपाशीच्या ओळीतली आपली पात धरली. जुन्या काळी सामन्याला सरासरी गोलच जास्त पडायचे, हे माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. बचाव आजच्यासारखा बांधीव नव्हता. म्हणजे चाचांचा माणूस पहिल्या वेचणीत उतरलेला आणि माझा फरदडीत, आणि मी दोघांना एका काट्यावर घातलं होतं. आयुष्यभर कापसात वाकलेल्या घरातली पोरगी, आणि तिला हे सुचलं नाही.

सोमवारी सरांना सांगितलं. सर वाईट नव्हते. ते म्हणाले, "आहे तसं दे. पास होशील. बदलायला गेलीस आणि गुरुवारी आणलं नाहीस, तर माझ्या हातात काही नाही."

मी रस्ताभर विचार केला. भावाचं तोंड समोर येत होतं. पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक विचारणार आणि मला चूक माहीत असताना मी ती बरोबर म्हणून सांगणार, हे जमण्यासारखं नव्हतं. घरी सांगितलं. भाऊ म्हणाला, "तुला येतंय ना? मंग कर."

तीन दिवस चाचांच्या कापड बेतायच्या टेबलावर बसले. प्रत्येक खेळाडूच्या काळात सामन्याला सरासरी किती गोल पडत, ते काढायचं आणि त्याच्या दर सामन्याच्या गोलांना त्या सरासरीनं भागायचं. बापही येऊन शेजारी बसायचा; तो चौथी शिकलेला, आकडे वाचता येत. डाव्या हातानं पट्टी धरून तो ओळ दाखवायचा आणि मोठ्यानं वाचायचा, मी मांडायची. दोनदा त्यानं माझी चूक पकडली. "वरच्या वळीचा आकडा खाली लिवला तू," म्हणाला, आणि तीच गोष्ट त्यानं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली.

शेवटी चाचांचा माणूस खाली आला, फार नाही. माझा वर सरकला, तोही फार नाही. सगळ्यांच्या वर गेला मधल्या काळातला एक, ज्याचं नाव आम्ही भांडताना कधी घेतलंच नव्हतं. चाचांनी कागद दूर धरून वाचला.

"माझा आदमी खाली घातलास."

"माझा बी सगळ्यांच्या वर न्हाई आला, चाचा."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले आणि मशीनवर बसले.

गुरुवारी कॉलेज बंद व्हायच्या आधी प्रोजेक्ट दिला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी शेवटची पानं दोनदा उलटली आणि विचारलं, "मग सगळ्यांत मोठा कोण?"

मी म्हणाले, "ते यातून सांगता येत नाही, सर. कोण आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती पुढे होता, एवढंच सांगता येतं."

"ही पद्धत कोणी सांगितली?"

"आईनं. ती कापूस वेचते."

त्यांनी प्रोजेक्ट मिटला आणि गुण लिहिले. प्रोजेक्टला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला पडले. त्या उन्हाळ्यात मी संख्याशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि जूनमध्ये भावानं त्याच कॉलेजात नाव घातलं.