बदलीचा तबला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, मेलबर्नच्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखत असतात तरी सांगितलं असतं? माहीत नाही. हल्ली मला बऱ्याच गोष्टींचं काही वाटेनासं झालंय, म्हणून सांगणं सोपं जाईल असा माझा अंदाज होता. तो चुकला.

आधी मी इथे कशी आले ते सांगते. अकरा वर्षं मेलबर्नला तबला वाजवून पोट भरलं. शनिवार-रविवार क्लास, नृत्यशाळांना साथ, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन. तिथे तबला म्हटलं की लोक माझाच नंबर पुढे पाठवायचे. मग लग्न मोडलं आणि मी भोपाळला बाबांकडे, बाग सेवनियाच्या घरी आले. परक्या देशात एवढं काम मिळालं, तर आपल्या माणसांत काय अडचण येणार? सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकले. गाण्याच्या क्लासांत जाऊन कार्डं देऊन आले. सगळे गोड बोलले, आणि सगळ्यांनी एकच विचारलं — परत कधी जाणार? पाहुणीला काम कोण देतं? शिवाय परदेशातून आलीय म्हणजे आपल्याला परवडायची नाही, हेही त्यांनी परस्परच ठरवून टाकलेलं. सात महिने फोन वाजला नाही. मी रोज सकाळी तबला सुरात लावायचे आणि परत गवसणीत घालून ठेवायचे.

मला पहिलं काम दिलं ते मनोहरकाकांनी. काका बाबांबरोबर कारखान्यात फिटर होते. मी नऊ वर्षांची असताना क्वार्टरच्या व्हरांड्यात बसवून तीनताल त्यांनीच शिकवला. आता रिटायर होऊन अयोध्या नगरला राहतात. इथल्या मराठी मंडळात गणपती असो की गुढीपाडवा, तबल्याला काका — हे कुणी विचारायचंसुद्धा नाही, धरूनच चालायचं. दिवाळीच्या तोंडावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हा दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला बदली म्हणून काकांनी माझं नाव दिलं. फोनवर म्हणाले, "बेटा, एकदा लोकांनी ऐकलं ना, की मग बघ. टेन्शन नको घेऊ."

बदलीला जाण्याचा आमच्यात एक रिवाज आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. दुसऱ्याच्या जागी वाजवलंत, की निघताना आयोजकांना सांगायचं — पुढच्या वेळी ते येतील हं. बस, एवढंच. त्या एका वाक्याच्या भरवशावर माणूस आजारी पडू शकतो, गावाला जाऊ शकतो. मेलबर्नला हे वाक्य मी कितीदा तरी म्हटलंय. तोंडपाठ होतं मला.

कार्यक्रम चांगला झाला. खोटं कशाला बोलू — फार चांगला झाला. नंतर फराळाच्या टेबलापाशी देवस्थळी वहिनी आल्या. मंडळाचे कार्यक्रम त्याच ठरवतात. माझं कौतुक केलं, आणि हातातल्या चकलीचा तुकडा मोडत सहज विचारलं, "मनोहरकाका गुढीपाडव्यापर्यंत होतील ना गं बरे?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. होतं ना? मी बऱ्याचदा आठवून पाहते. आणि मी म्हटलं, "डोळ्याचं काही नाही वहिनी. हाताला जरा कंप सुटलाय त्यांच्या. ते स्वतः बोलायचे नाहीत. तुम्हीही विचारू नका, वाईट वाटेल त्यांना."

कंप वगैरे काही नव्हता. चार दिवसांपूर्वी मी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा काकांनीच हातोडीनं माझ्या तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर लावून दिला होता. एका डोळ्याला पट्टी, आणि एक घाव इकडचा तिकडे नाही. मग हे मला सुचलं कुठून? आणि ते 'विचारू नका' — ते तर मी इतकं मायेनं म्हटलं की वहिनींचे डोळे भरून आले. त्या दोन शब्दांमुळे माझं खोटं कुणी पडताळून पाहणार नव्हतं. हे मला बोलतानाच कळत होतं, नंतर नाही.

आपल्या लोकांना अशी गोष्ट कळली की ते काय करतात? सांभाळून घेतात. संक्रांतीच्या तिळगुळाला काका आले, तर दोघांनी दोन्हीकडून धरून त्यांना खुर्चीत बसवलं. चहा आला. सगळ्यांना भरून आणि काकांना अर्धा कप — सांडू नये म्हणून. काका त्या कपाकडे बघत राहिले. मग आणखी चहा मागितला, तर पुन्हा अर्धाच. मी समोरच्या रांगेत बसून वडी खात होते.

मला फोन येऊ लागले होते. सुगम संगीताच्या मैफिली, गाण्याच्या परीक्षांना साथ, एका कथक क्लासचं आठवड्यातून दोनदा. परत कधी जाणार, हे विचारणं लोकांनी सोडलं होतं. पाडव्याचंही मलाच आलं, आणि मी हो म्हटलं.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात काका स्कूटरवरून बाग सेवनियाला आले, अख्खं शहर ओलांडून. बाबा भाजी आणायला गेले होते. मी चहा ठेवला. काकांनी इकडचं तिकडचं काही काढलं नाही. दोन्ही हात पुढे करून टेबलावर ठेवले, बोटं पसरून.

"बेटा, खरं सांगशील. माझा हात थरथरतो का गं? मला नाही दिसत. पण सगळेच काहीतरी बघतायत. तू वाजवणारी आहेस, तुला कळेल. डोळ्यानंतर आता हे पण आलं का, इतकंच समजू दे."

वहिनींना जे बोलले त्याला एक वेळ घाईत निसटलं म्हणता येईल. इथे घाई नव्हती. स्वच्छ ऊन आलं होतं टेबलावर. मी त्या हातांकडे नीट पाहिलं, चांगलं एखादं मिनिट. आणि म्हटलं, "थोडा. वयानं होतं, काका."

मला तेव्हा काही वाटलं नाही. लाज नाही, भीती नाही. गॅसवरचा चहा उतू जाईल एवढंच डोक्यात होतं.

काकांनी मान हलवली. "बरं झालं तू सांगितलंस. बाकीचे नुसते लपवतात." मी चहा पुढे ठेवला, भरून. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायला, अगदी हळू, एकेक घोट. जाताना स्कूटर सुरू न करताच फाटकापर्यंत ढकलत नेली. दोन दिवसांनी बाबांच्या हाती त्यांनी आपला डग्गा माझ्यासाठी पाठवला. तांब्याचा, जुना, फार गोड वाजतो.

पाडव्याला मी त्याच्यावरच वाजवलं. अजूनही वाजवते. काका कार्यक्रमाला येतात, पहिल्या रांगेत बसतात, सम आली की मान डोलावतात. पूर्वी मांडीवर ठेका धरायचे, आता दोन्ही हात शालीखाली असतात. गेल्या महिन्यात काकू बाबांना सांगत होत्या की हल्ली काकांचे हात खरंच थरथरतात, भातसुद्धा सांडतो.

त्या सकाळी टेबलावर ते हात स्थिर होते. मी पाहिलं होतं.