फुमिएच्या दाराची खिट्टी

गॅसवर मिसोचं सार तापत होतं आणि फुमिए कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून उभी होती. उन्हं वर येईपर्यंत बोटं काही मिटायची नाहीत, हे तिला आता कळून चुकलं होतं. नवरा, योशिनोरी, केव्हाच मागच्या दाराने शेतावर गेला होता.

तेवढ्यात पुढच्या दाराची काच खडखडली.

"फुमिए, ए फुमिए! उजाडलं की नाही तुझ्याकडे?" शेजारच्या हात्सुएताई.

"आले, आले!" म्हणत ती दाराशी गेली खरी, पण दाराला जुनी पितळी खिट्टी, स्क्रूसारखी चिमटीत धरून फिरवायची. खालच्या आळीत अस्वल दिसल्यापासून योशिनोरी रोज रात्री ती घट्ट पिळून ठेवायचा. फुमिएने चिमूट लावली. पेरांतून निघालेली कळ कोपरापर्यंत गेली. खिट्टी ढिम्म.

"नवऱ्याला लपवतेयस की काय आत?"

शेवटी दोन्ही मनगटांमध्ये दाबून, ओठ चावत तिने ती कशीबशी फिरवली. दार सरकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात्सुएताईंच्या हातात टोपलीभर पर्सिमन, सोलून सुकवल्यावरच गोड होणारी तुरट फळं.

"धर. तुझ्यासारखी पातळ साल आख्ख्या आळीत कुणाला काढता येत नाही. फळं सुकली की निम्मी तुझी, निम्मी माझी, नेहमीसारखं. आणि बोटांना काय झालं गं?"

"थोडी सुजलीत."

"थंडी, दुसरं काय! माझे गुडघे बघ. वय झालं बाई आपलं."

वयाचा काही संबंध नाही, असं डॉक्टर गेल्याच आठवड्यात म्हणाले होते. रुमेटॉइड संधिवात. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. औषधाचा गुण यायला आठवडे लागतील, कदाचित महिनेही. तिने एकच विचारलं होतं, "सुरी धरता येईल ना?" डॉक्टर म्हणाले होते, "बघू."

आत्ता 'नाही जमणार' म्हणायला हवं होतं. "ठेवा तिथे, ताई," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

दुपारी पहिल्याच फळावर सुरी हातातून गळून पडली. योशिनोरीने ती उचलली. "सरक, मी करतो." तो संध्याकाळपर्यंत मान खाली घालून सोलत बसला. जाड साली, आणि प्रत्येक फळाचा देठ अगदी निगुतीने कापून टाकलेला. फळं पडवीत टांगायची तर दोरी त्या देठालाच बांधायची असते. आता ती टांगता येणार नव्हती, आणि न सुकवता तशीच तुरट कुणाला खाववणार नव्हती.

"जमलं की नाही?" त्याने विचारलं.

"छान झालीत." रागवायला तिच्यात त्राण नव्हतं. तिचे हात मांडीवर पडले होते, कुणी तरी विसरून गेल्यासारखे.

अंधार पडला तसा तो सवयीने दाराकडे निघाला.

"अहो."

"काय गं?"

"ती खिट्टी लावू नका."

"आणि अस्वल आलं म्हणजे?"

"येऊ दे. सकाळी मला ती उघडता येत नाही. तेवढी लावू नका."