केतकीच्या यादीतला पहिला हंगाम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. पण पुढच्या आठवड्यात केतकी इथे आयर्लंडला, आमच्या नास गावी येतेय, आठ दिवस माझ्याच घरी उतरणार आहे. संत्रा बर्फी आणतेय म्हणाली.

केतकी नागपूरची, मी पुण्याची. डब्लिनला मास्टर्स करताना डून लेरीत, समुद्राकाठच्या उपनगरात, आम्ही एका खोलीत राहायचो. शिक्षण संपलं, मला नोकरी लागली, तिला लागेना. राहायची परवानगी संपत आली होती. नोकरी नाही तर परत नागपूर, इतकं सरळ होतं ते.

आइस हॉकीचा नाद मूळचा माझा. लहानपणी बाबांच्या नोकरीमुळे काही वर्षं कॅनडात काढली, तिथे लागलेला. इथे आयर्लंडमध्ये कोण बघतंय बर्फावरची हॉकी? मी बघायचे, आणि माझ्यामुळे ती. डिफेन्समनचं काम गोल अडवायचं; तरी एखाद्या हंगामात एखादा पठ्ठ्या गोल नि पास मिळून शंभरावर गुण करतो. मग आमचा वाद — थोर हंगाम कुणाचा? एका काळात गोलांची नुसती खैरात, दुसऱ्या काळात एकेका गोलासाठी मारामार. नुसते आकडे शेजारी मांडून कसं चालेल? हे सगळं तिला मी शिकवलं हो! आणि वर्षभरात ही बया माझ्यापेक्षा भारी बोलायला लागली.

मग आमच्या ऑफिसात आकडेवारीच्या विश्लेषणाची एक जागा निघाली. मुलाखतीत स्वतःचं एखादं काम दाखवायचं होतं. आमचा साहेब कॅनडाचा, हॉकीवेडा — हेही तिला मीच सांगितलं. तिने डिफेन्समनचा प्रत्येक गाजलेला हंगाम त्या त्या काळच्या गोलांच्या सरासरीने तोलून यादी लावली. देखणी यादी होती. मला कधी जमली नसती अशी. मला राग आला. का यावा? पण आला, खूप आला.

आमच्या कामात एक रीत आहे. आपले आकडे आपण तपासायचे नाहीत, दुसऱ्याने बघायचे. शनिवारी सकाळी तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"नीट पाहून दे गं, माझे तर डोळेच काम नाही करून राहिले."

ती प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, कप काढत होती. बाहेर समुद्र करडा, वाऱ्याने खिडकी सारखी खडखडत होती. मी यादी वाचली. पहिली ओळ पुन्हा वाचली.

"ग्रँड आहे," मी म्हटलं. मग आम्ही चहा प्यायलो.

मंगळवारी मी माझ्या डेस्कवरून काचेच्या खोलीत बघत होते. ती हसतहसत बोलत होती. साहेबाने पडद्यावरच्या पहिल्या नावाकडे बोट दाखवलं, काहीतरी विचारलं. तिचा हात हवेतच राहिला. मला इथे काही ऐकू येत नव्हतं — पण तो काय विचारतोय ते मला शनिवारपासून ठाऊक होतं. त्या हंगामात त्या गड्याला निम्मे सामने पुढच्या फळीत खेळवलं होतं. नोंदीत तो डिफेन्समन, गुण मात्र फॉरवर्डचे. तिचा अख्खा निष्कर्ष त्या एका ओळीवर उभा होता.

हो, मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी गप्प बसले.

साहेब नंतर म्हणाला, कुणाकडून तपासून घेतलं का विचारलं, तर म्हणाली एकटीनेच केलं. माझं नाव तिने घेतलं नाही. मी म्हटलं, अरेरे. एवढंच.

नोकरी मिळाली नाही; ती नागपूरला परत निघाली, तेव्हा विमानतळावर तिने मला घट्ट मिठी मारली. "तुझ्याकडूनही सुटलं ना, मग जाऊ दे, कुणाकडूनही सुटलं असतं," म्हणाली. माझी समजूत घालत होती! आणि मी मान डोलावली.

तुम्हाला वाटेल, त्या जागेवर माझा डोळा असेल. नव्हता. मला त्यातून काही मिळणार नव्हतं, मिळालंही नाही. ती त्या खोलीत, सगळ्यांसमोर पडावी — मला तेवढंच हवं होतं.